मदत हवी आहे : क्राकोवचे शिळाछाप चित्र मूळ की प्रतिकृती?

पोलंडमधील क्राकोवच्या मुख्य चौकातील सुकिएन्नित्से, म्हणजे जुना कापडबाजार, दाखवणारे एक शिळाछाप चित्र (लिथोग्राफ, म्हणजे दगडावर रेखाटून त्यावरून छापलेले) माझ्या संग्रहात आहे. इमारतीला आजच्या कमानींची ओळ नाही आणि भिंतींना दुकाने चिकटलेली आहेत, त्यामुळे दृश्य १८७५–७९ च्या नूतनीकरणापूर्वीचे आहे. अर्थात त्यावरून छपाईचा काळ ठरत नाही.

समास कापलेला असल्याने चित्रकाराचे व छापखान्याचे नाव उरलेले नाही. चित्रकार यान ग्वोवात्स्की यांचा १८३६ चा संच आणि चित्रकार नापोलेओन ओर्दा यांची वॉर्सात फायान्स यांच्या छापखान्यात छापलेली मालिका यांतील चित्रांशी ताडून पाहिले, पण ते जुळले नाही. दहापट भिंगातून ऑफसेट या आधुनिक यांत्रिक छपाईचे ठिपके दिसत नाहीत. आकाशात, दगडावर रेखाटायच्या तेलकट खडूचा असतो तसा अनियमित कण दिसतो, आणि पिवळसर छटा दुसऱ्या दगडावरची असावी, कारण डाव्या कडेला ती चौकटीच्या रेषेपासून केसभर सरकली आहे. मात्र कोलोटाइपमध्येही (जिलेटिनच्या थरावरून छायाचित्र छापण्याची पद्धत, जिने जुन्या चित्राची प्रतिकृती काढता येते) वरवर पाहता असाच कण दिसतो, हीच खरी अडचण आहे.

चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असून ते सोडवायचे नाही, पाणी किंवा रसायन लावायचे नाही. किमतीचा अंदाजही नको. अशा स्थितीत, केवळ भिंगाने आणि तिरप्या प्रकाशात पाहून, दगडावरील खडूचा कण आणि कोलोटाइपचा कण यांतील फरक नेमका कशावरून ओळखावा?