शाकाहारी घरात फेरेटचं पिल्लू आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे

गंगापूररोडकर
ओळखीच्या दोन-तीन घरांत फेरेटची पिल्लं आलीत. सोसायटीत सगळे त्याला मुंगूस म्हणतात. मुंगसाशी त्याचं काही नातं नाही, तो पाणमांजराच्या कुळातला. (मुंगूस पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा ही गल्लत नकोच.) पण माझा मुद्दा खाण्याचा आहे. या घरांत पिल्लाला दूध-पोळी, दहीभात, मारी बिस्किट, सीझनला द्राक्षं असं सगळं दिलं जातं, कारण घरात मांस चालत नाही.

फेरेट हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. आतडं आखूड, त्यात अंधांत्र (चोथा कुजवून पचवणारी आतड्याची पिशवी) नाही, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. भात, पोळी, फळातला चोथा पचवायला त्याच्याकडे वेळही नाही आणि सोयही नाही. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात साधारण ३५ टक्के प्रथिनं आणि २० टक्क्यांच्या आसपास चरबी लागते, आणि तीही प्राण्यांपासून मिळालेली. दुधाने तर जुलाबच लागतात. एवढ्याशा जिवाला दिवसभर जुलाब झाले की अंगातलं पाणी संपतं आणि संध्याकाळपर्यंत ते मान टाकतं. घरात मांस येऊ द्यायचं नसेल तर ससा पाळा, पोपटासारखे लव्हबर्ड पाळा. फेरेट नको.

इंदिरानगरची आई
दादा, हे जरा जास्तच झालं. आमच्या घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद असतो, तरी मुलाचं फेरेट मजेत आहे. आम्ही त्याला पाकिटातलं खाणं देतो, मांजराच्या पिल्लांचं. ते बाल्कनीत, वेगळ्या वाटीत, वेगळा चमचा. आमच्या ओट्यावर काही येत नाही. पाकिटावर प्रथिनं ३६ टक्के लिहिलंय, म्हणजे तुमच्या हिशोबात बसतं. दूध-पोळी देणाऱ्यांना जरूर बोला, पण सगळ्या शाकाहारी घरांना एका ओळीत बसवू नका. सोसायटीत आधीच भाड्याने घर देताना "नॉनव्हेज चालतं का" विचारतात, आता प्राणी पाळतानाही तेच का?

देवळालीकर
ताई, पाकीट म्हणजे खाणं नव्हे. कोरड्या दाण्याला आकार धरायला पिष्ट लागतंच, त्याशिवाय तो दाणा बनत नाही. मी सुरुवातीपासून कच्चं चिकन देतो. पंखाचं टोक, मान, हृदय, थोडी कलेजी. पिल्लू पंख पुढच्या पायाखाली दाबतं, मान वाकडी करतं आणि दाढेने हाड कडाकड फोडतं. दातांवर किटण धरत नाही. शिवाय फेरेट लहानपणी ज्या वासांना सरावतं तेच मोठेपणी खातं. पहिल्या सहा महिन्यांत एकच पाकीट दिलंत तर पुढे ते पाकीट बाजारातून गायब झाल्यावर उपाशी बसेल, पण दुसऱ्याला तोंड लावणार नाही. काय द्यायचं ते आत्ताच सगळं चाखवा.

सातपूर, दवाखान्यातून
मी पशुवैद्यकांकडे मदतनीस आहे. वासाचं अगदी बरोबर. पण कच्च्या चिकनबद्दल देवळालीकरांशी माझं जमणार नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, एच५एन१. देशातली कोंबड्यांतली पहिली साथ २००६ ला आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नवापूरला आली होती. आणि फेरेटला फ्लू इतका सहज होतो की जगभरच्या प्रयोगशाळा फ्लूच्या अभ्यासाला हाच प्राणी वापरतात. माणसाचा फ्लूसुद्धा त्याला लागतो. घरात कुणाला ताप-सर्दी असेल तर त्याने पिल्लाला भरवू नये. साल्मोनेला हा जुलाबाचा जंतू वेगळाच. फ्रीझरमध्ये ठेवल्याने तो मरत नाही, नुसता थांबतो. घरात रांगतं मूल असेल तर कच्चं अजिबात नको.

दुसरं, "चिकन देतो" म्हणणारे बरेच जण बोनलेस देतात. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. वाढत्या पिल्लाची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, कोचावरून उडी मारली तरी मोडतात. घरी शिजवून देणार असाल तर कॅल्शियम किती घालायचं ते डॉक्टरांकडून वजनावर ठरवून घ्या. आणि शिजवलेलं हाड कधीच देऊ नका, त्याच्या चिरफळ्या होतात.

ओझरचा बागायतदार
बेदाणे चालतात का? परदेशात देतात असं ऐकलंय, आणि आमच्याकडे पोत्याने आहेत.

गंगापूररोडकर
काका, नको. तिकडे पूर्वी खाऊ म्हणून सर्रास द्यायचे, आता जाणकार मना करतात. मधल्या वयात फेरेटला स्वादुपिंडाची गाठ होते, साखर एकदम उतरते आणि ते कोसळतं. लहानपणापासूनच्या गोड आणि पिठूळ खाण्याचा त्याच्याशी संबंध असावा असा पशुवैद्यकांना दाट संशय आहे. खाऊच द्यायचा तर उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक बोटावर घेऊन चाटवा.

इंदिरानगरच्या ताई, तुमचं एक मान्य करतो: चांगलं पाकीट हे दहीभातापेक्षा शंभर पटींनी बरं. पण ३६ टक्क्यांवर जाऊ नका. ती प्रथिनं कशाची, ते बघा. पाकिटामागे पहिल्या दोन-तीन नावांत चिकन, मासा, अंडं असलं पाहिजे. तिथे मक्याचं ग्लुटेन, सोया, तांदूळ असेल तर आकडा तोच राहतो, पण लघवी अल्कधर्मी होते आणि खडे धरतात. नराला खड्याने लघवी अडली तर रात्रीत जीव जातो. आणि मुख्य गोष्ट, ज्या पिल्लाला चिकनचा वास माहीतच नाही, ते आजारी पडून दाणे चावेनासं झालं की डॉक्टर सांगतील चिकन उकडून पेज भरवा. तेव्हा काय करणार?

इंदिरानगरची आई
तेव्हा मुलगा शेजाऱ्यांकडून उकडून आणेल, त्यांनी कबूल केलंय. ही तयारी करूनच आणलंय त्याला. नावं बघितली: पहिलं चिकन, मग तांदूळ, मग मका. हे पाकीट संपलं की बदलते. एकदम बदलू का?

सातपूर, दवाखान्यातून
एकदम नको. आठवडा-दहा दिवसांत जुन्यात नवं वाढवत न्या. पिल्लू किती आठवड्यांचं आहे? आठाच्या आत असेल तर दाणे कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या, दिवसातून चार-पाच वेळा. भिजवलेलं उन्हाळ्यात दोन तासांवर वाटीत ठेवू नका, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लगेच आंबतं. कोरडे दाणे आणि पाणी मात्र कायम समोर हवं. पिल्लाला पाच-सहा तास उपाशी ठेवणं धोक्याचं.

देवळालीकर
आणि कोचामागे, कपाटाखाली रोज हात घालून बघा. ही जात खाणं लपवते. माझ्या पलंगाच्या खणात मोज्यात गुंडाळलेली कलेजी सापडली होती. बर्ड फ्लूचं वाचून यापुढे चिकन वाफवून, हाड काढून देईन, कॅल्शियमचं डॉक्टरांना विचारतो. पण पाकिटावर आणणार नाही, आणि मत बदललेलं नाही.

गंगापूररोडकर
माझंही नाही. शेजारी घर सोडून गेले तर काय, हे ताईंनी अजून सांगितलेलं नाही.

इंदिरानगरची आई
तर खाली गॅलरीत वेगळी शेगडी लावीन, दादा. सासूबाईंशी बोलणं झालंय.