मदत हवी आहे: आधी वर सांगू की त्यालाच विचारू?

जय ख्रिस्त सगळ्यांना. वसईला राहतो, अंधेरीच्या ऑफिसात नुकताच टीम लीड झालोय. टीममधल्या एकाने दोनदा टॅक्सीची खोटी बिलं लावलीत, साहेबांना अजून माहीत नाही, आणि मला सारखं बायबलमधलं मत्तय १८:१५ आठवतंय, भावाचा अपराध आधी एकांतात त्यालाच दाखव म्हणून. पण ते मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या भावाबद्दल आहे ना, ऑफिसात तसंच लावायचं का? लपवलं तर मीही खोट्यात सामील आणि सांगितलं तर त्याची नोकरी जाईल, घरी लहान मूल आहे त्याच्या. येशूने शेवटच्या रात्री त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेसुद्धा पाय धुतले, हे मनातून जातच नाही. कोणी असं हाताळलं असेल तर नेमकं काय बोललात ते सांगा प्लीज, सोमवारी बिलांवर माझी सही लागणार आहे.