तलावात पोहून आल्यावर पायाला पुरळ. पित्त आहे का?

कट्ट्यावरचा_मासा:
रविवारी आम्ही तिघं पुण्याजवळच्या एका धरणाच्या फुगवट्याला पोहायला गेलो. (नाव लिहीत नाही, उगाच गर्दी व्हायची.) काठाला गुडघाभर पाण्यात हिरवं शेवाळ, पलीकडे म्हशी डुंबत होत्या. दोघे मित्र थेट आत खोल पाण्यात गेले. मी पाय पाण्यात सोडून तासभर काठावर. घरी येईतो पाय चुरचुरायला लागले, रात्री घोट्यापासून मांडीपर्यंत मसुराएवढे लाल फोड. चड्डीखालची कातडी मात्र कोरी! मित्रांना काहीच नाही. आई म्हणते पित्त, आमसुलाचं पाणी लाव. लावलं. खाज जैसे थे. घरात दीड वर्षाची मुलगी आहे, तिला लागेल का?

गुरांची_डॉक्टर:
माणसांची डॉक्टर नाही, आधीच सांगते. पण हे ‘स्विमर्स इच’ (पोहणाऱ्यांची खाज) वाटतंय. पाण्यातल्या गोगलगाईतून परजीवी कृमींच्या सर्केरिया नावाच्या बारीक अळ्या सुटतात. त्यांना हवं असतं बदक, नाहीतर गुरं. त्यातला शिस्टोसोमा नेझेल नावाचा कृमी तर गुरांच्या नाकातच राहतो, जनावर घोरल्यासारखा श्वास घेतं. शेंबडातून अंडी पाण्यात, तिथून गोगलगाईत, मग पुन्हा जनावराच्या कातडीत. तुमचा पाय त्यांना म्हशीचा वाटला. माणसात पुढे वाढ होत नाही, कातडीतच मरतात; खाज सुटते ती त्यामुळे. मुलीला लागणार नाही. कॅलामाइन लावा, खाजवू नका, पिकेल. आठवडाभरात ओसरेल. ताप आला किंवा फोड चिघळले तर डॉक्टरकडे जा.

सहकारनगरकर:
म्हणजे घाण पाण्याचा काही संबंध नाही?

गुरांची_डॉक्टर:
आहे ना. सांडपाण्यातून आणि शेतातल्या खतातून नत्र-स्फुरद येतं, त्यावर शेवाळ माजतं, शेवाळावर गोगलगाई. उथळ, कोमट पाण्यात सगळ्यात जास्त. म्हणून खोल पाण्यातले मित्र सुटले.

चिपळूणचा_पुणेकर:
आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीला 1950च्या दशकात याच्या भाऊबंदाची लागण माणसांत सापडली होती. त्यात लघवीतून रक्त जातं.

गुरांची_डॉक्टर:
बरोबर, पण ती जात वेगळी, ती माणसात वाढते. यांना घाबरवू नका हो! पाण्यातून बाहेर आल्याबरोबर टॉवेलने खसाखसा पुसायचं, अंगावर पाणी वाळू द्यायचं नाही. आणि मासेबुवा, याआधी कधी झालं होतं का? दुसऱ्या वेळी जोरात उठतं.

कट्ट्यावरचा_मासा:
गेल्या होळीला तिथेच गेलो होतो. चार ठिपके उठले होते, डास चावले म्हणून सोडून दिलं.