पहिला घरगुती मीडिया सर्व्हर: असमान डिस्कसाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी?

नमस्कार.

जुन्या डेस्कटॉपचे भाग वापरून मी प्रथमच घरासाठी साठवणुकीचा सर्व्हर जुळवला आहे. त्यात इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १२० जीबीची एसएसडी आणि तीन हार्ड डिस्क आहेत: दोन ४ टीबीच्या व एक ८ टीबीची. कुटुंबाची छायाचित्रे आणि स्वतःच्या ब्लू-रे तबकड्यांवरून उतरवलेले चित्रपट त्यावर ठेवायचे असून चित्रपट जेलीफिन या मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअरमधून टीव्हीवर पाहायचे आहेत. घोडे अडले आहे ते ऑपरेटिंग सिस्टीमपाशी.

माझा ओढा ट्रूनॅस या साठवणुकीच्या सर्व्हरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे आहे, आणि त्याचे कारण तिची झेडएफएस ही फाइल सिस्टीम. जुन्या डिस्कवरची काही छायाचित्रे अलीकडे उघडली, तर त्यांचा खालचा अर्धा भाग करडा झाला होता, आणि बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत जाऊन बसली होती. झेडएफएस डेटाच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटा बिघडला का, हे ओळखणारा पडताळा-अंक) ठेवते व दुसरी प्रत शाबूत असल्यास वाचतानाच दुरुस्ती करते, हे कळल्यापासून दुसरे काही मनात भरत नाही. मात्र तिन्ही डिस्कचा रेडझेड-१ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचवणारी झेडएफएसची मांडणी) केल्यास ८ टीबीची डिस्कही ४ टीबीचीच धरली जाते आणि हाती जेमतेम ८ टीबी येतात. अनरेड या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सर्वांत मोठी डिस्क पॅरिटीकडे (गेलेल्या डिस्कवरचा डेटा परत उभा करणाऱ्या माहितीकडे) जात असल्याने आज तिथेही तेवढेच मिळतील, पण उद्या आणखी एक ८ टीबीची डिस्क जोडली, तर अनरेडमध्ये ती पूर्ण कामी येईल, आणि रेडझेडमध्ये (झेडएफएसच्या मुक्त आवृत्तीत, म्हणजे ओपनझेडएफएसमध्ये, २.३ पासून एकेक डिस्क वाढवता येत असली तरी) तिचेही निम्मेच मोजले जाईल. अनरेडचा परवाना विकत घ्यावा लागतो, याला माझी हरकत नाही.

ओपनमीडियाव्हॉल्ट या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टीमवर मर्जरएफएस (अनेक डिस्क एकत्र दाखवणारे) व स्नॅपरेड (त्यांची पॅरिटी ठेवणारे) ही जोडीही पाहिली. स्नॅपरेडची पॅरिटी ठरावीक वेळीच अद्ययावत होते, त्यामुळे मधल्या काळात आलेल्या फाइली असुरक्षित राहतात. चित्रपटांसाठी हे चालेल, छायाचित्रांसाठी धाकधूक वाटते.

हे सगळे मांडताना असे वाटू लागले आहे की, दोन प्रकारच्या फाइलींना एकाच तराजूत तोलणे हीच माझी चूक असावी. ४ टीबीच्या दोन डिस्कचा झेडएफएस मिरर (दोन्हींवर तीच प्रत) करून त्यावर छायाचित्रे ठेवावीत आणि ८ टीबीची डिस्क कोणत्याही संरक्षणाविना चित्रपटांना द्यावी, म्हणजे एकूण १२ टीबी वापरता येतील. ती डिस्क गेलीच, तर तबकड्या घरात आहेतच. यात काही खोट दिसते का?

ही रचना ट्रूनॅसवर करावी, ओपनमीडियाव्हॉल्टवर झेडएफएसचे प्लगइन घालून करावी, की साध्या डेबियन लिनक्सवर? कमांड लाइनची मला भीती नाही, पण दर अपडेटनंतर दुरुस्ती करत बसण्याचा उत्साहही नाही. ट्रूनॅसला किमान ८ जीबी रॅम लागते. तेवढ्यात जेलीफिनचे ट्रान्सकोडिंगही (टीव्हीला चालेल अशा स्वरूपात चित्रपट पाहतानाच बदलणे) निभेल का, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकायला आवडेल. ४ टीबीच्या डिस्कपैकी एक एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणारी, त्यामुळे लिहिताना मंदावणारी) आहे. मिररमध्ये ती चालेल, की आत्ताच बदलावी?

छायाचित्रांच्या बॅकअपसाठी वेगळी बाह्य डिस्क ठेवली आहे, तेव्हा ‘रेड (अनेक डिस्क जोडून केलेली सुरक्षित मांडणी) म्हणजे बॅकअप नव्हे’ हे सांगण्याचे कष्ट कृपया कोणी घेऊ नयेत.