काल प्रवक्ता, आज न्यायमूर्ती: हरकत नक्की कशाला?

सनद_पुणे

२८ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने, म्हणजे नेमणुकांसाठी नावं सुचवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने, मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांचं नाव सुचवलं. २०२३ मध्ये त्या प्रदेश भाजपच्या प्रवक्त्या होत्या, २०२४ च्या जानेवारीत त्यांनी पद सोडलं. रोहित पवारांनी हरकत घेतली. भाजपने राजीनाम्याची तारीख दाखवली. ऑगस्टमध्ये नेमणूक झालीसुद्धा. त्या दोन आठवड्यांत समाजमाध्यमांवर जे लिहिलं गेलं त्यात त्यांच्या वकिलीबद्दल एक ओळ सापडली तर शपथ.

व्यक्ती बाजूला ठेवून बोलू. घटनेचं कलम २१७ दोनच गोष्टी मागतं: भारतीय नागरिकत्व, आणि दहा वर्षं वकिली किंवा तितकीच न्यायिक सेवा. पक्षाबद्दल चकार शब्द नाही. माझं म्हणणं असं की पक्षाचं पद सोडणं आणि उच्च न्यायालयासाठी नाव जाणं यांत निदान तीन वर्षांचं अंतर हवं. प्रवक्त्याचं कामच मुळी पक्षाची बाजू रोज लावून धरायचं. दीड वर्षात तो सूर लोकांच्या कानातून जात नाही, आणि समोर सरकार पक्षकार असलं की हरणारा माणूस निकालाआधी जुनी चित्रफीत शोधतो.

उलटतपासणी

तीनच का? पाच का नाही, दीड का नाही?

वि. म. तारकुंडे हे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस होते. १९५७ मध्ये ते याच मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. व्ही. आर. कृष्ण अय्यर केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री, १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालयात. या दोघांच्या बाबतीत मध्ये बरीच वर्षं गेली, मान्य. पण के. एस. हेगडे? काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९५७ मध्ये खासदारकी सोडून थेट म्हैसूर उच्च न्यायालय. अंतर शून्य. आणि १९७३ मध्ये, सरकारविरुद्ध गेलेल्या केशवानंद भारती खटल्यानंतर, इंदिरा गांधींच्या सरकारने ज्या तिघांना डावलून सरन्यायाधीश नेमला, त्यात शेलत आणि ग्रोव्हर यांच्यासोबत हेगडे होते. काँग्रेसचाच माणूस काँग्रेस सरकारला नकोसा झाला! तुमच्या चाळणीत हेगडे गळाले असते.

सनद_पुणे

हेगडे सांगितलेत, मग बहरुल इस्लामही सांगा. १९७२ मध्ये काँग्रेसची राज्यसभा सोडून गुवाहाटी उच्च न्यायालयात. १९८० मध्ये निवृत्त, त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयात. १९८३ मध्ये राजीनामा, आणि पुन्हा काँग्रेसची उमेदवारी. एक हेगडे दाखवून नियम मोडत नाही. नियम इस्लाम यांच्यासारख्यांसाठी असतो.

कोर्टनाका

दोघंही दारावर भांडताय, गडबड आतल्या खोलीत आहे. फाइल कशी फिरते ते आधी बघा.

उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती नावं ठरवतात. शिफारस मुख्यमंत्र्यांकडे जाते, प्रती राज्यपाल आणि केंद्रीय कायदामंत्र्यांना. राज्याने सहा आठवड्यांत मत द्यायचं. नाही दिलं तर हरकत नाही असं धरून केंद्राने पुढे जायचं. मग गुप्तवार्ता विभागाचा अहवाल. मग सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. त्या उच्च न्यायालयाची माहिती असलेल्या सर्वोच्च न्यायालयातल्या सहकाऱ्यांचं मत ते घेतात. मग परत कायदा मंत्रालय. सरकार एकदा नाव परत पाठवू शकतं. कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं की नेमणूक बंधनकारक. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदतीही घातल्या: गुप्तवार्ता अहवालाला चार ते सहा आठवडे, पुन्हा पाठवलेल्या नावाला तीन ते चार आठवडे.

आता प्रत्यक्ष. सोमशेखर सुंदरेसन, मुंबई. शिफारस १६ फेब्रुवारी २०२२. नोव्हेंबरात सरकारने नाव परत पाठवलं: न्यायालयापुढच्या विषयांवर समाजमाध्यमांत मतं मांडली म्हणून. १८ जानेवारी २०२३ ला कॉलेजियमने तेच नाव ठामपणे पुन्हा पाठवलं. नेमणूक नोव्हेंबर २०२३. चार आठवड्यांच्या जागी दहा महिने.

आणि मद्रासचं बघा. १७ जानेवारी २०२३, एकच दिवस. आर. जॉन सत्यन यांचं नाव कॉलेजियमने पुन्हा पाठवलं. त्यांच्याविरुद्ध मुद्दा काय, तर पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख त्यांनी पुढे पाठवला होता. त्यांना नव्या नावांच्या आधी नेमा, असंही कॉलेजियमने नमूद केलं. त्याच दिवशी व्हिक्टोरिया गौरी यांचं नाव नव्याने गेलं. त्या भाजप महिला मोर्चाच्या पदाधिकारी राहिलेल्या. ७ फेब्रुवारीला गौरी यांनी शपथ घेतली. सत्यन यांचं नाव त्या यादीत नव्हतं.

हे नुसतं आधी-मागे नाही. उच्च न्यायालयातली ज्येष्ठता शपथेपासून मोजतात. आज चार महिने अडवलेला माणूस दहा वर्षांनी तीन जणांच्या कॉलेजियममध्ये बसतो की बाहेर राहतो, ते इथे ठरतं. पक्षाचं पद अडचणीचं नाही आणि पुढे पाठवलेला लेख अडचणीचा! सनद, तुमची तीन वर्षं यात कुठे बसतात?

सनद_पुणे

बसतात. लेखी नियम असता तर गौरी यांना आणि सत्यन यांना एकच मोजपट्टी लागली असती. नियम नाही म्हणून तर मर्जी चालते.

उलटतपासणी

गौरी यांच्याविरुद्धची याचिका ऐकताना न्या. गवई काय म्हणाले ते विसरू नका. दिल्लीत सुनावणी चालू असतानाच चेन्नईत शपथविधी उरकला. गवई म्हणाले की राजकीय पार्श्वभूमी त्यांचीही होती, पण न्यायदानात ती कधी आड आली नाही. अमरावतीचे आंबेडकरी नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव, त्यांना आणखी काय सांगायला हवं होतं? खंडपीठाने पात्रता आणि योग्यता वेगळ्या केल्या. पात्रता न्यायालय तपासेल, योग्यता कॉलेजियमने. पात्रता नाही म्हणून शपथेआधी नेमणूक रद्द झाल्याचं उदाहरण आहे, १९९२ चं, गुवाहाटीचं. तिथे त्या माणसाकडे घटनेला हवी तशी न्यायिक सेवाच नव्हती.

जांभा_पणजी

सगळे नेमणुकीवर बोलताहेत. मला त्यानंतरच्या दोन वर्षांची जास्त भीती वाटते.

मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदं ९४, त्यांतली २३ अतिरिक्त न्यायमूर्तींची. व्यवहारात नवा माणूस बहुधा अतिरिक्त म्हणूनच येतो, कलम २२४ खाली, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. मग त्याला ‘कायम’ करायचं. तेव्हा त्याचे निकाल तपासले जातात, किती प्रकरणं निकाली काढली ते आकडे जातात आणि फाइल पुन्हा त्याच सरकारकडून फिरते, ज्याच्याविरुद्धच्या याचिका तो रोज ऐकतोय. उमेदवारीवरचा कामगारच म्हणा.

नागपूर खंडपीठातले उमेश लळित १९७४ मध्ये अतिरिक्त न्यायमूर्ती झाले. १९७६ मध्ये, आणीबाणीत, त्यांना कायम केलं नाही. दिलेला एक जामीन नडला, असं तेव्हापासून सांगितलं जातं. ते दिल्लीत वकिलीला गेले. त्यांचा मुलगा २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाला हा पुढचा योगायोग, त्याने १९७६ भरून निघत नाही.

सनद_पुणे

पण जांभा, दोन वर्षांची उमेदवारी नसती तर पुष्पा गनेडीवाला यांच्याबाबत काय केलं असतं? २०२१ च्या जानेवारीत त्यांना कायम करायची शिफारस झाली होती. पॉक्सोखालचे (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचे) त्यांचे निकाल गाजले: कपड्यांवरून केलेला स्पर्श त्या कलमात बसत नाही, वगैरे. कॉलेजियमने शिफारस मागे घेतली. अतिरिक्त म्हणून मुदत वाढली ती एकच वर्ष, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी राजीनामा दिला. हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्दही केला. इथे चाळणी चालली की नाही?

जांभा_पणजी

चालली, आणि म्हणूनच घाबरायला होतं. निकाल चुकला तर त्यावर अपील आहे; ते झालं आणि निकाल रद्दही झाला. निकालासाठी न्यायमूर्तीची नोकरी जाते हे बाकीच्या अतिरिक्त न्यायमूर्तींनी पाहिलं. त्या जिल्हा न्यायाधीशपदावरून आलेल्या; राजीनामा दिला नसता तर परत सत्र न्यायालयात जायचं होतं. आज लोकक्षोभाला घाबरून जामीन नाकारणारा उद्या मंत्रालयाला घाबरणार नाही, याची खात्री कोण देणार?

एडिसनकर

इकडे अमेरिकेत बसून एक मुद्दा. तुमच्याकडे ‘सगळं उघड्यावर करा’ अशी मागणी निघते, तेव्हा न्यायमूर्तींच्या नावांवर उघड सुनावणी आणि मतदान घेणाऱ्या इथल्या सिनेटकडे बोट दाखवतात. जरा जपून. सर्वोच्च न्यायालयासाठी स्कालिया १९८६ मध्ये ९८-०, गिन्सबर्ग १९९३ मध्ये ९६-३. दोघं दोन टोकांचे. पुढे कॅव्हनॉ २०१८ मध्ये ५०-४८, बॅरेट २०२० मध्ये ५२-४८. माणसांची गुणवत्ता घसरली नाही, मतं पक्षावर पडू लागली. २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी साठ मतांची अट काढली (खालच्या न्यायालयांसाठी ती २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनी आधीच काढली होती), त्यामुळे पलीकडच्या बाकावरच्या कुणाला पटवायची गरजच संपली.

सभ्यतेची किंमतही बघा. बॅरेट यांची सुनावणी संपल्यावर डेमोक्रॅट डायन फाइनस्टाइन यांनी सिनेटच्या न्यायविषयक समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष लिंडसे ग्रॅहम यांचे आभार मानले, मिठी मारली. दीड महिन्याच्या आत फाइनस्टाइन यांना समितीतल्या आपल्या पक्षाचं नेतृत्व सोडायची घोषणा करावी लागली. उलट कॅव्हनॉच्या वेळी सिनेटर स्टीव्ह डेन्स मुलीच्या लग्नाला जायचे होते आणि ते ‘हो’वाले, लिसा मर्कोव्स्की ‘नाही’च्या होत्या, पण डेन्स यांची गैरहजेरी निकालात धरली जाऊ नये म्हणून त्यांनी फक्त ‘हजर’ नोंदवलं. जुनी रीत, अजून थोडी शिल्लक आहे.

कोर्टनाका

उघड्यावर असूनही फाइलवर बसता येतंच की! सर्वोच्च न्यायालयासाठी मेरिक गारलँड यांचं नाव १६ मार्च २०१६ ला सिनेटकडे गेलं, २९३ दिवस साधी सुनावणीसुद्धा नाही. आपल्याकडे निदान तो खेळ पडद्यामागे तरी होतो.

उलटतपासणी

‘निदान’?

कोर्टनाका

बरं, शब्द मागे. पण २०२३ च्या जानेवारीत कॉलेजियमने गुप्तवार्ता अहवालातले आक्षेप ठरावात छापले, तेव्हा आपण पहिल्यांदा वाचलं की सरकारला कोण का नको. कायदामंत्री किरेन रिजिजू त्यावर जाहीर नाराज झाले. माझ्या मते ते चार-पाच ठराव दहा सुनावण्यांपेक्षा कामाचे होते. ज्याच्यावर आरोप त्याला उत्तर मिळालं, कुणी कुणावर ओरडलं नाही.

एडिसनकर

सुनावणी नको असेल तर निदान सिनेट समितीची प्रश्नावली उचला. उमेदवाराने स्वतः लिहून द्यायचं: कोणत्या पक्षात कोणतं पद, कधीपासून कधीपर्यंत, कोणत्या उमेदवाराच्या प्रचारात काम, कोणती भाषणं, कोणते लेख. ती जाहीर होते.

सनद_पुणे

हे चालेल मला. तीन वर्षांचा हट्ट सोडते, पण तारखा छापा. वकिलांच्या बाबतीत २०२३ मध्ये कॉलेजियमच्या ठरावांत सरासरी व्यावसायिक उत्पन्न आणि छापून आलेल्या निकालांची संख्या येत होतीच. ५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांची जी माहिती खुली केली, तीत कोण कुठल्या न्यायमूर्तीचा नातेवाईक तेही होतं. नात्याचा रकाना निघतो, तर पक्षाचा का नाही?

उलटतपासणी

कारण नातं एका शब्दात मावतं. पक्षाचं काम म्हणजे काय धरणार? एका वकिलाने पाच वर्षं एका पक्षाचे सगळे निवडणूक अर्ज चालवले, पद कधी घेतलं नाही. त्याचा रकाना कोरा. दुसरी वर्षभर तालुका महिला आघाडीची चिटणीस, तिचा भरलेला. जास्त जवळचा कोण?

जांभा_पणजी

वकीलपत्रं धरू नका, नाहीतर सरकारी वकिलांतून कुणी येणारच नाही. पद, निवडणूक उमेदवारी आणि पक्षाच्या वतीने जाहीर बोलणं, तिन्ही तारखांसकट. बाकी सोडा. आणि तोच कागद दोन वर्षांनी कायम करताना पुन्हा काढायचा नाही, हे त्याच फॉर्मवर छापा.

उलटतपासणी

शेवटची अट सरकार मान्य करेल असं वाटतं?

जांभा_पणजी

नाही. म्हणून ती पहिली लिहा.