ब्रूस ली आधी नट होता, लढवय्या नंतर

कोयनाकाठ

परवा आमच्या मित्रांत पुन्हा तोच वाद पेटला. ब्रूस ली आजच्या पिंजऱ्यातल्या लढतीत टिकला असता का? निम्मे म्हणाले, दोन मिनिटांत लोळवला असता. निम्मे म्हणाले, त्याच्यासमोर उभं राहायची कुणाची टाप होती! दोन तास हे चाललं आणि त्याच्या अभिनयाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मला ते लागलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: तो हाडाचा नट होता, आणि त्याची लढाईसुद्धा आपल्याला आठवते ती त्याच्यातल्या नटामुळे. वडील ली होई-च्युएन कँटोनीज संगीत नाटकातले नट. त्यांची कंपनी अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना २७ नोव्हेंबर १९४० ला सॅन फ्रान्सिस्कोत हा जन्मला आणि काही महिन्यांचा असतानाच तान्हं बाळ म्हणून पडद्यावर आला. १९५९ मध्ये हाँगकाँग सोडेपर्यंत त्याचे वीसेक चित्रपट झाले होते. त्यांत कुंग फू नव्हतं. रस्त्यावरची पोरं, अनाथ, वाया गेलेला मुलगा अशी रडवणारी सामाजिक कथानकं होती. १९५८ मध्ये चा-चा नाचाची स्पर्धाही त्यानं जिंकली. ठेका, थांबा, नजर हे सगळं तिथून आलं.

'फिस्ट ऑफ फ्युरी'ची सुरुवात पाहा. गुरूच्या दफनाला उशिरा पोचलेला शिष्य थेट खड्ड्यात, शवपेटीवर झेप घेतो. अजून एकही लाथ मारलेली नाही, आणि पुढचा सगळा सूड आपल्याला पटलेला असतो.

आणखी एक. 'पाण्यासारखा हो' हे सगळ्यांच्या स्टेटसवरचं वाक्य. ते त्यानं १९७१ मध्ये 'लाँगस्ट्रीट' या अमेरिकी मालिकेत एका पात्राच्या तोंडून म्हटलं. त्याच वर्षी पियर बर्टन या कॅनडाच्या पत्रकारानं मुलाखतीत त्या ओळी म्हणून दाखवायला सांगितल्या, त्यानं म्हणून दाखवल्या. ज्याला आपण उपदेश समजतो तो नटाचा संवाद आहे.

पांढरा_पट्टा

ठाम असहमत. मी बावीस वर्षं कराटे शिकवतोय आणि शेवटच्या मुद्द्यावर तर गप्प बसवत नाही.

'लाँगस्ट्रीट'चा तो भाग लिहिणारा स्टर्लिंग सिलिफंट हा ब्रूस लीचा शिष्य होता. भागाचं नावच मुळी लीच्या पद्धतीवरून, जीत कुन दो म्हणजे समोरच्याचा वार वाटेतच अडवणाऱ्या मुठीचा मार्ग, यावरून ठेवलेलं. पाण्याचा विचार त्यानं कॉलेजात असताना निबंधात लिहिला होता: विंग चुन या चिनी युद्धकलेचा सराव करताना मन मोकळं होईना, गुरूंनी काही दिवस सराव बंद ठेवायला सांगितलं, हा एकटाच होडीत गेला आणि चिडून पाण्यावर ठोसा मारला. पाण्याला काही झालं नाही. लेखकानं आपल्या गुरूचं, म्हणजे लीचंच बोलणं कागदावर उतरवलं आणि गुरूकडूनच म्हणवून घेतलं. याला तुम्ही 'नटाचा संवाद' म्हणता?

१९६४ ची कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची लढत घ्या. वाँग जॅक मॅन या दुसऱ्या कुंग फूवाल्याशी बंद दाराआड झाली. लीच्या पत्नीच्या सांगण्याप्रमाणे तीन मिनिटं, दुसऱ्या बाजूच्या म्हणण्याप्रमाणे वीसेक. कोण खरं यावर साठ वर्षं भांडण आहे. पण नंतर त्यानं काय केलं यावर भांडण नाही. आपला दम लागला, प्रतिस्पर्धी पळाला तर आपली विद्या तोकडी पडते, हे त्याला जाणवलं. मग धावणं, वजनं, मुष्टियुद्ध, तलवारबाजीतलं पदलालित्य, सगळं त्यानं नव्यानं शिकायला घेतलं आणि १९६७ मध्ये त्या मार्गाला जीत कुन दो नाव दिलं. लोकांना दाखवायला कुणी एवढं करत नाही. मी विद्यार्थ्यांना त्याची लाथ शिकवत नाही, हा प्रसंग सांगतो.

तालीमवाला

कोयनाकाठ यांच्या निष्कर्षाशी सहमत, पण कारण माझं वेगळं आहे.

मी कोल्हापूरच्या तालमीत वाढलो. आमचे वस्ताद एकच विचारायचे: कुस्ती कुणाशी झाली, कुठल्या मैदानात, निकाल काय? लीच्या बाबतीत याचं उत्तर देता येईल अशी लढत मला एकच दिसते, १९५८ ची हाँगकाँगमधली शाळांची मुष्टियुद्ध स्पर्धा, तीही शाळकरी पोरांची. बाकी सगळं 'असं म्हणतात'. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत त्यानं दोन बोटांवर जोर काढले, एका इंचावरून ठोसा मारून माणूस खुर्चीत पाडला. अफाट आहे, पण ते प्रात्यक्षिक. त्याच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. गामा पैलवानाच्या व्यायामाबद्दल वाचून तो दंडबैठका काढायचा, हे ऐकलं तेव्हा ऊर भरून आला होता. पण त्याला जगातला सर्वांत मोठा लढवय्या म्हटलं की पहाटे चारला उठून आयुष्यभर मैदानात उतरलेल्या, कान मोडून घेतलेल्या माणसांवर अन्याय होतो.

शेवंती

तुम्ही सगळे तो नट की लढवय्या यावर भांडताय. त्याला नट म्हणून काम कोण देत होतं, हे कुणीच विचारत नाही.

'ग्रीन हॉर्नेट'मध्ये तो केटो, म्हणजे नायकाचा ड्रायव्हर. २६ भागांनंतर १९६७ मध्ये मालिका बंद. मग चार वर्षं किरकोळ भूमिका आणि हॉलिवूडच्या बड्या लोकांना खासगी शिकवण्या. १९७० मध्ये व्यायाम करताना पाठ जायबंदी झाली, डॉक्टर म्हणाले आता लाथ मारणं विसर. घरात दोन लहान मुलं. बर्टनच्या त्याच मुलाखतीत त्याला विचारलं होतं की चिनी चेहरा नायक म्हणून अमेरिकेत चालेल का. निर्मात्यांना धंद्याची जोखीम वाटते, त्यांना मी दोष देत नाही, अशा अर्थाचं तो शांतपणे बोलला. मला ते ऐकवत नाही. पुढे 'कुंग फू' मालिकेत चिनी रक्ताचा नायक रंगवायला डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटाला घेतलं, ज्याला कुंग फू येत नव्हतं.

मी सिॲटलला राहते. लेक व्ह्यू दफनभूमीत त्याच्या शेजारी मुलगा ब्रँडन आहे, १९९३ मध्ये चित्रीकरणात गोळी लागून अठ्ठावीसाव्या वर्षी गेलेला. तिथे कधीही जा, ताजी फुलं असतात. ती ठेवणाऱ्यांत मी आशियाई, कृष्णवर्णीय, गोरे सगळे पाहिलेत. सिॲटलमधला त्याचा पहिला शिष्य जेसी ग्लोव्हर कृष्णवर्णीय होता, तेही १९५९ मध्ये.

कोयनाकाठ

पांढरा_पट्टा, 'लाँगस्ट्रीट'बद्दल मी अर्धवट लिहिलं. विचार त्याचाच होता, मान्य.

शेवंतीताई, तुमच्या प्रतिसादानं माझा मुद्दा आणखी टोचतो. १९७१ च्या सुरुवातीला तो हॉलिवूडचा नट जेम्स कोबर्न आणि सिलिफंट यांच्याबरोबर भारतात आला होता, 'द सायलेंट फ्लूट' या चित्रपटासाठी जागा पाहायला. स्टुडिओचे पैसे इथे रुपयांत अडकले होते, बाहेर नेता येत नव्हते, म्हणून चित्रीकरण इथेच करायचं ठरत होतं. कोबर्नना जागा पटल्या नाहीत आणि चित्रपट बारगळला. त्यात ली अनेक भूमिका करणार होता, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. १९७८ मध्ये तो वेगळ्या नावानं निघाला, तेव्हा त्या भूमिकाही कॅराडाइननंच केल्या. त्याच्यातला नट आपल्याला पूर्ण दिसलाच नाही, ही माझी खरी खंत आहे. २० जुलै १९७३ ला गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता, 'एंटर द ड्रॅगन' प्रदर्शितही झाला नव्हता.

तालीमवाला, तुम्हाला एक विनंती. 'वे ऑफ द ड्रॅगन'मधली कोलोझियमची लढत पाहा. लेखन-दिग्दर्शन त्याचंच. समोर अमेरिकी कराटेपटू चक नॉरिस. आधी दोघं शांतपणे अंग मोकळं करतात, बोटं मोडतात. मग ली चक्क मार खातो. पडतो. मग पावलं बदलतात, तो नाचल्यासारखा हलायला लागतो आणि लढत फिरते.

पांढरा_पट्टा

ती पावलं म्हणजे जीत कुन दो! ओकलंडनंतर जे शिकला तेच त्यानं तिथे दाखवलंय. हे दृश्य तुमच्या नाही, माझ्या बाजूचं आहे.

तालीमवाला

आत्ताच पाहिलं. मैदानात जिंकलेल्याची नोंद होते आणि हे मैदान खोटं आहे, म्हणून मत बदलत नाही. पण शेवटी तो मेलेल्याचे कपडे आणि काळा पट्टा आणून त्याच्या अंगावर पांघरतो, आणि समोर गुडघे टेकून बसतो. तेवढा भाग दोनदा पाहिला. उद्या तालमीतल्या पोरांना दाखवणार आहे.