क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर: ८७ डीबीचे स्पीकर, लहान खोली. कोणता घ्यावा?

षड्ज:
खोली १२ बाय १० फूट. बुकशेल्फ स्पीकर, ८७ डीबी, ८ ओहम (पण मध्ये कुठेतरी ५ पर्यंत उतरतो). ऐकणं बहुतेक ख्याल आणि नाट्यसंगीत, रोज चारेक तास. डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) २ व्होल्ट देतो, प्रीअ‍ॅम्प (डॅक आणि अ‍ॅम्पच्या मधे सिग्नल वाढवणारा) नाही. बजेट दीड लाख, जुना चालेल. क्लास ए, म्हणजे गाणं नसतानाही पूर्ण करंट वाहता ठेवणारा अ‍ॅम्प; त्याचे २५ वॅट पुरतील का? पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये एसीशिवाय जमेल का?

ओहम शांती:
पुरतील. १ वॅटला १ मीटरवर ८७, २५ वॅटला १४ डीबी वाढून १०१. अडीच मीटरवर बसता असं धरून ८ वजा करा, दुसऱ्या स्पीकरचे ३ मिळवा. ९६ झाले. सरासरी ७५ डीबीला ऐकलंत तर तबल्याच्या थापेला २० डीबीच्या वर जागा उरते. स्पीकर ८३-८४ चे असते तर मी नको म्हटलं असतं.

पण दुकानात वॅट विचारू नका, बायस (गाणं बंद असतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) विचारा. पुश-पुलमध्ये (एक ट्रान्झिस्टर ढकलतो, दुसरा ओढतो) लोडकडे, म्हणजे स्पीकरकडे, जाणारा करंट बायसच्या दुपटीच्या आत आहे तोवरच क्लास ए. ८ ओहमला २५ वॅट म्हणजे शिखराला २.५ अँपिअर, म्हणजे बायस किमान १.२५ अँपिअर. तुमचा स्पीकर जिथे ५ ओहमला उतरतो तिथे याच बायसवर क्लास ए साडेपंधरा वॅटला संपतो. ±२४ व्होल्टच्या पुरवठ्यावर एका चॅनलचे ६० वॅट आणि दोन्हींचे १२० नुसतेच जळत असतात. ट्रान्सफॉर्मरचे नुकसान धरून भिंतीवर दीडशेच्या आसपास.

म्हणून प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर सोबत न्या. पाटीवर ‘क्लास ए, ५० वॅट’ आणि गाणं बंद असताना मीटरवर ६० वॅट, असं असेल तर तो एबी (बायस कमी, मोठ्या आवाजाला ट्रान्झिस्टर आळीपाळीने बंद होणारा) आहे. आवाज वाढवल्यावर आकडा चढत गेला तर तोही एबी, किंवा सरकत्या (आवाजाबरोबर वाढणाऱ्या) बायसचा. खऱ्या क्लास एचा आकडा जवळपास हलत नाही.

खरखर:
विजेचं म्हणाल तर रोज चार तास म्हणजे महिन्याला १८ युनिट. त्याचं काही नाही. त्रास उष्णतेचा. खोली ३८ अंश, हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग) ०.३ अंश प्रतिवॅट, ६० वॅट: ५६ अंश. हात काही सेकंद टिकतो, हे ठीक. टीव्हीच्या कपाटात कोंबलात तर मात्र कपॅसिटर जातील. तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. वर वीतभर मोकळी जागा हवी आणि अ‍ॅम्पच्या डोक्यावर डॅक ठेवायचा नाही.

जुना घेताना तासभर चालू ठेवा, मग स्पीकर काढून टर्मिनलवर डीसी (ऑफसेट, तो शून्याजवळ हवा) मोजा. ५० मिलीव्होल्टच्या वर असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. मग इनपुटच्या सगळ्या केबल काढून, शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं जोडणारा) लावून स्पीकरला कान लावा. गुणगुण राहिली तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे बहुधा फिल्टर कपॅसिटर सुकलेत. गेली तर अर्थ लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट), अ‍ॅम्प निर्दोष.

तारजोड:
बजेट पाहता नवा ल्युक्समन किंवा अ‍ॅक्युफेज विसरा. सग्डेन ए२१ एसई जुना मिळाला तर बघा, साधारण ३० वॅट. नाहीतर बांधून घ्या: अमेरिकन डिझायनर नेल्सन पास यांचा फर्स्ट वॅट एफ५, २५ वॅट, ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ आणि ३०० व्हीए. बायस लावताना दोन्ही प्रीसेट (फिरवून रोध बदलायचे छोटे रेझिस्टर) शून्यावरून सुरू करून आळीपाळीने थोडे थोडे फिरवा, ०.४७ ओहमच्या सोर्स रेझिस्टरवर ०.६ व्होल्ट येईपर्यंत. घाई केली की ऑफसेट उडतो. झाकण लावून तासाभराने परत मोजायचं. उघड्या डब्यातलं माप खोटं असतं. इनपुटचे २एसके१७० आणि २एसजे७४ हे ट्रान्झिस्टर तोशिबाने कधीच बंद केलेत, गल्लीत मिळणारे बहुतेक नकली. जुळवलेली जोडी खात्रीच्या ठिकाणाहूनच.

तुमच्यासाठी एक मेख आहे. एफ५चा गेन (सिग्नल किती वाढवतो ते) १५ डीबीच, त्यामुळे डॅकच्या २ व्होल्टला १६ वॅटच्या आसपासच मिळतात. जुनी ध्वनिमुद्रणं हळू असतात, तिथे प्रीअ‍ॅम्प लागेल.

स्वस्तात हवा तर ब्रिटिश डिझायनर लिन्सली हूड यांचं १९६९चं सर्किट, चॅनलला चार ट्रान्झिस्टर. १० वॅट, म्हणजे वरच्या हिशेबातले ४ डीबी गेले. रात्री हळू ऐकायला उत्तम, नाट्यसंगीताला मला कमी वाटतो.

निषाद:
क्लास एचा हट्ट का? ८ ओहमला पहिला वॅट क्लास एमध्ये ठेवायला २५० मिलीअँपिअर बायस पुरतो, आणि ७५ डीबीला तुम्ही एका वॅटच्याही खाली असता. जास्त बायसचा चांगला मॉसफेट (ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) एबी ऐकल्याशिवाय पैसे टाकू नका.

ओहम शांती:
ऐकावा, हे मान्य. फक्त तोही मीटर लावूनच.

खरखर:
आणखी एक. जपानहून येणारे जुने सेट १०० व्होल्टचे असतात. मागची पाटी वाचल्याशिवाय प्लग घालू नका. २३० ला लावला की ट्रान्सफॉर्मर गेला. स्टेप-डाउन (२३० चे १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर) किमान ५०० व्हीएचा घ्या, कारण क्लास ए सतत ओढतो आणि छोटा तापून गुणगुणतो. चालू करताना एमसीबी पडत असेल तर तो टोरॉइडचा (कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरचा) सुरुवातीचा झटका. प्रायमरीत (ट्रान्सफॉर्मरच्या विजेकडच्या बाजूला) एनटीसी थर्मिस्टर (थंड असताना करंट रोखणारा, तापला की सोडणारा) घाला, एमसीबी मोठा करू नका.